चरबीचा खड्डा

रुग्णालयाच्या तळघरातल्या त्या स्वयंपाकघरात नव्या माणसाला आधी वास भेटायचा आणि मग माणसं. वास सूपचा नव्हता, पावाचा तर नव्हताच. भांडी घासायच्या मोऱ्यांपाशी जमिनीत एक खड्डा होता, त्यावर लोखंडी झाकण, आणि वास यायचा तो त्या झाकणाच्या कडेकडेने. सगळ्या मोऱ्यांचं पाणी त्या खड्ड्यातून पुढे गटारात जायचं आणि जाता जाता तेल, लोणी, हाडांची चरबी, भाताची शितं, कुणाचे तरी केस असं सगळं मागे ठेवून जायचं. आठवडाभरात वर पिवळट पांढरी साय धरायची. साय म्हटलं की दूध आठवतं माणसाला, पण ही साय बोटाने टोचली तर बोटाला चिकटून वर यायची आणि खालचं काळं पाणी एक बुडबुडा सोडायचं.

दर शुक्रवारी हा खड्डा उपसावा लागे. लांब दांड्याच्या डावाने साय काढून पिंपात भरायची, तोवर एक वेळ ठीक. पण पलीकडच्या पाइपाच्या तोंडाशी एक जाळी होती आणि तिथे डाव वळत नसे. तिथे माणसाचा हातच लागायचा, तोही कोपराच्या वर बुडवून. हातमोजे होते, पण ते मनगटापाशी संपायचे. लांब हातमोजे मागवले होते म्हणे. इतकी वर्षं झाली, ते मागवलेलेच होते.

आता ही गोष्ट ज्या बाईची आहे ती तिथली दोन नंबरची स्वयंपाकीण. तिला सगळे वहिनी म्हणायचे. तिचा धाकटा दीर पूर्वी तिथे ट्रॉल्या ढकलायचा, त्यानेच तिला तिथे चिकटवलं. तो पुढे कंटाळून निघून गेला, पण त्याची वहिनी मागे सगळ्यांची वहिनी होऊन राहिली. सूप तिच्याकडे असे. मिठाचं, बिनमिठाचं, गाळलेलं, घोटलेलं. तिच्या हातून सूप कधी करपलं नव्हतं आणि तिचं कुणाशी कधी वाकडं आलं नव्हतं. या दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच अभिमान होता.

वहिनी हे नाव तिला आवडायचं, त्याला आणखी एक कारण होतं. त्या स्वयंपाकघराची रीतच अशी की जो कुणी मुख्य होईल त्याला पाठीमागे एक नाव पडायचं, आणि ते कधी धड नसायचं. कपडे बदलायच्या खोलीत ते नाव जन्माला यायचं आणि तिथेच मोठं व्हायचं. ज्याचं त्याला कुणी सांगत नसे, पण ज्याचं त्याला कळल्यावाचून राहतही नसे.

आधीचा मुख्य होता फौजदार. त्याच्या हाताखाली वहिनीने उमेदीची वर्षं घालवली. हा माणूस बोलत नसे, ओरडायचा. ओरडताना तोंडातून तुषार उडायचे आणि समोरच्याने ते पुसायचेही नाहीत, पुसले की तो आणखी चढायचा. सूप चाखायचा आणि मनाला आलं नाही तर तिथेच जमिनीवर पचकन थुंकायचा. अहो, स्वयंपाकघरात. वहिनी घरी जाऊन आधी तोंड धुवायची, साबण लावून, आणि मगच लेकीला जवळ घ्यायची.

खड्ड्याच्या बाबतीत फौजदाराचं गणित सोपं होतं. शुक्रवारी ज्याच्यावर त्याचा राग असेल त्याने खड्डा उपसायचा. "जा, घाल हात. तुझ्याच घरचं आहे समज." कधी पाव भाजणारा पैलवान, त्याचे दंड मांडीएवढे. कधी भाज्या चिरणारा गाजर, लांबलचक आणि उन्हाळा हिवाळा लालबुंद. कधी ट्रॉल्या वर नेणारा जावई. त्याला कुठलंही काम सांगितलं की मानपान चुकल्यासारखा रुसायचा, म्हणून जावई. कधी भांडी घासणारी मावशी, सगळ्यांत वयस्कर. आणि कधी वहिनीसुद्धा. एक मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच वहिनीला जास्त चीड यायची. फौजदाराचा राग फिरता होता. कुणी सुटत नसे, त्यामुळे कुणी एकटं पडत नसे. तसा काही न्याय वगैरे त्याच्या मनात नव्हता. त्या माणसाच्या मनात न्याय आला असता तर तोही त्याने थुंकून टाकला असता.

फौजदार कंबर मोडून घरी बसला आणि त्याच्या जागी आला तो अगदी उलट्या टोकाचा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल उभं करून म्हणाला, "मित्रांनो, इथे कुणी साहेब नाही. जे काय करायचं ते आपण सगळे मिळून ठरवू." कपडे बदलायच्या खोलीला फार डोकं चालवावं लागलं नाही. संध्याकाळच्या आत त्याचं नाव मित्र पडलं.

मित्राच्या तोंडात साखर होती आणि हाताला कसलं तरी सुगंधी मलम. बोलताना तो समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि बोलणं संपलं तरी हात तिथेच राहायचा. तो वास नंतर दिवसभर खांद्याला असायचा. वहिनी सुरुवातीला खूश होती, खोटं कशाला बोला. थुंकी नाही, शिव्या नाहीत, आणखी काय पाहिजे माणसाला.

मग पहिला शुक्रवार आला. मित्राने सगळ्यांना पुन्हा गोल उभं केलं. "खड्डा कुणी साफ करायचा ते मी कोण सांगणार? तुम्हीच सांगा. हात वर करून. पैलवान?" कुणाचा हात हलला नाही, पैलवानाशी वाकडं कोण घेणार. "गाजर?" गाजर पैलवानाचा जिगरी दोस्त. "जावई?" जावई रुसला की ट्रॉल्या उशिरा जाणार आणि वरून बोलणी सगळ्यांनी खायची. "मावशी?"

हात वर गेले.

"मावशी, बघा, सगळ्यांचा तुमच्यावर किती विश्वास आहे," मित्र म्हणाला, जणू मावशीला बक्षीसच लागलं होतं. आणि त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मावशीला काय करावं कळेना, म्हणून तीही जराशी हसली आणि बाह्या वर सारत खड्ड्याकडे गेली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा मतं, पुन्हा मावशी, पुन्हा टाळ्या. मग तसंच चालू राहिलं. फौजदाराच्या वेळी खड्डा उपसणाऱ्याला बाकीचे निदान चोरून एखादा चहा तरी आणून द्यायचे. आता कशाला देतील? आता ते मावशीचंच काम होतं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. मावशी हात घालून गुडघ्यांवर बसलेली असायची, तिच्या पदराला ती साय लागायची, आणि पैलवान तिच्या डोक्यावरून पिठाचं घमेलं नेताना म्हणायचा, "मावशी, अध्यक्षीणबाई, जरा सरका." सगळे हसायचे. मित्रही हसायचा. वातावरण कसं खेळीमेळीचं पाहिजे, असं तो वरच्या मजल्यावरच्या साहेबांना सांगायचा आणि साहेब मान डोलवायचे.

शिसारी यावी असं ते सगळं होतं, आणि वहिनीला यायची. पण वहिनीने एक गोष्ट जपली होती. तिने मावशीच्या नावावर कधी हात वर केला नाही. मतांची वेळ आली की तिचं सूप नेमकं उकळीला आलेलं असायचं, एका हातात डाव, दुसऱ्या हातात झाकण. "वहिनींचे दोन्ही हात कामात," मित्र हसून म्हणायचा आणि पुढे मोजायचा. वहिनी पातेल्यात बघत राहायची. आपण कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आपले हात स्वच्छ आहेत. घरी जाताना हा विचार तिला फार बरा वाटायचा.

अशा गोड माणसाची बढती व्हायचीच, तशी ती झाली. मित्राला वर ऑफिसात टेबल मिळालं आणि तळघर कुणाच्या हाती द्यायचं ते विचारलं तर त्याने वहिनीचं नाव सांगितलं. जाताना तो वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काही माणसं हुकूम सोडून काम करून घेतात, काही विचारून करून घेतात. तुमची पद्धत कुठली, वहिनी? विचार करून ठेवा." वहिनी म्हणाली, "माझी कसली पद्धत." मित्र म्हणाला, "असं कसं? प्रत्येकाची असते." हात त्याने थोड्या वेळाने काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेले तेव्हा, मावशी मोरीपाशी थांबली. तिने उजव्या हाताची पट्टी सोडून दाखवली. तळहात आणि बोटांच्या बेचक्या फुटल्या होत्या, चिरांमधून पाणी येत होतं आणि मनगटापर्यंत कातडी सोललेल्या बटाट्यासारखी ओलसर दिसत होती. वहिनीने तोंड फिरवलं नाही, पण नाकाने श्वास घ्यायचा थांबवला.

"वरच्याच डॉक्टरांना दाखवलं," मावशी म्हणाली. "भांडी घासा म्हणाले, चांगले मोजे घालून. पण त्या घाणीत हात घातला तर आत विष होईल, मग बोटं कापायला माझ्याकडे येऊ नका म्हणाले. हात गेला तर मला कोण ठेवणार इथे, वहिनी? लेकाचं घर चाललंय माझ्या हातांवर, तो नुसता पडून असतो."

"मावशी, आता मी आहे ना," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याशी बोलतेय. मतांच्या वेळी मी दर खेपेला तुमच्याकडे बघायचे. तुमचा हात कधी वर नसायचा."

वहिनीला भरून आलं. कुणी तरी बघत होतं तर. ती मावशीची पट्टी पुन्हा बांधायला लागली आणि म्हणाली, "ती मतं बितं सगळी बंद. मी शब्द देते तुम्हाला." मावशीने मान हलवली आणि मोरीकडे वळली.

गुरुवारी संध्याकाळी वहिनी घरी जेवायला बसली ती वेगळ्याच तोऱ्यात. नवरा बस डेपोत मेकॅनिक, मोठी लेक औषधांच्या दुकानात कामाला. वहिनी म्हणाली, "मी फौजदारासारखं नाही करणार आणि मित्रासारखंही नाही. पाळ्या लावणार. सगळ्यांना सारख्या. गोडीगुलाबीने."

"आणि कुणी नाही म्हणालं तर?" लेकीने विचारलं.

"कोण कशाला नाही म्हणेल? मी काय कुणाचं वाईट केलंय?"

लेक हसली. "आई, तू घरी तरी कधी कुणाला काम सांगतेस? बाबांची चप्पल दारात आडवी पडलेली असते. तू सांगत नाहीस, स्वतः उचलतेस आणि मग रात्रभर तोंड फुगवून बसतेस. आम्हाला कळतच नाही काय चुकलं ते."

"बरोबर बोलतेय," नवरा ताटातून मान वर न काढता म्हणाला.

"मग मी करते ते दिसत नाही का कुणाला?"

"दिसतं ना," लेक म्हणाली. "तू करतेस म्हणून तर आम्ही करत नाही."

वहिनीने ताट उचललं. लेकीचंही उचललं, नवऱ्याचंही उचललं, आणि मोरीत आदळून घासायला लागली. अर्धी भांडी झाल्यावर आपण काय करतोय ते तिच्या ध्यानात आलं. राग आला, पण भांडी तिने पुरी केली.

शुक्रवारी सकाळचा नाश्ता वर गेला, दुपारच्या जेवणाचं सूप चढलं, आणि वहिनीने सगळ्यांना बोलावलं. मावशी मोरीपाशीच राहिली, पाठ करून. वहिनी म्हणाली, "आजपासून मतं नाहीत. पाळ्या. प्रत्येकाची येईल. मावशींच्या हाताला लागलंय, त्यांना तूर्त नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या चटकन डोलावल्या की वहिनीला वाटलं, झालं, एवढंच तर होतं.

"पहिली पाळी पैलवानाची."

"माझी कुठे ना आहे, वहिनी," पैलवान म्हणाला. "पण आजच नेमकी कंबर धरलीये बघा. पिठाची पोती तुम्हाला माहीतच आहेत." मघाशीच त्याने एक पोतं खांद्यावर टाकून गाजराला खेळत खेळत ढुशी दिली होती आणि वहिनीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग पुढच्या वेळी. गाजर?"

गाजराने बोट दाखवलं. बोटाला एक ओरखडा होता, मांजराने मायेने काढावा एवढा. "सुरी लागली, वहिनी. मावशींसारखं माझंही व्हायचं."

"बरं. जावई?"

जावयाने फक्त लिफ्टकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला, म्हणजे आज ट्रॉल्यांचं काही खरं नाही असा त्याचा अर्थ होता.

"बरं," वहिनी म्हणाली.

दर वेळी बरं म्हणताना तिला आतून ऊब येत होती. आपण किती समजून घेतो. फौजदाराने यांना फाडून खाल्लं असतं. आता उरलं एकच वाक्य, आणि ते तिच्या जिभेवर तयारच होतं. चला, मीच करते. हे वाक्य तिचं लाडकं होतं. ते म्हटलं की कुणाला काही सांगावं लागत नाही, कुणी तोंड वाकडं करत नाही, आणि वर आपण सगळ्यांपेक्षा चांगल्या ठरतो. लेकीने काल नेमकं त्याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं, म्हणून ते वाक्य जिभेवर क्षणभर अडकलं. बस, तेवढाच वेळ.

तेवढ्या वेळात मावशीने घासणी खाली ठेवली होती. पावाची रिकामी प्लास्टिकची पिशवी तिने पट्टीवरून हातावर चढवली आणि दातांनी गाठ मारली. मग ती खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसली, डाव्या हाताने झाकण ओढून बाजूला सारलं, आणि तो वास खोलीभर पसरला. कुणी हललं नाही. पैलवान आपल्या भट्टीकडे निघालाही होता, ताठ कमरेने.

मावशी त्या सायीकडे बघत होती. चिडून नाही, रडून नाही, दुकानात भाव ऐकून बोलावं तसं ती म्हणाली, "मित्राच्या वेळी निदान टाळ्या तरी वाजायच्या."

जावई फिसकन हसला.

वहिनीला शिसारी आली ती खड्ड्याच्या वासाची नव्हती. तो वास तिच्या सवयीचा होता. मावशी दर खेपेला आपल्याकडे बघायची ती का बघायची, ते तिला आत्ता कळलं. हात खाली आहे म्हणून नव्हती बघत. एकदा तरी तो हात अडवायला वर जाईल, कुणीतरी नको म्हणेल, म्हणून बघायची. आणि आपण सूप ढवळत होतो. फौजदार थुंकायचा, मित्र टाळ्या वाजवायचा, आणि आपण पातेल्यात तोंड घालून स्वतःला शाबासकी देत होतो. शी. तिला स्वतःच्या त्या उबेची इतकी किळस आली की तिने लुगड्याला हात पुसले, काही लागलेलं नसताना.

ती चालत गेली. "मावशी, उठा," ती म्हणाली. मावशी उठली नाही तेव्हा तिने मावशीला दंडाला धरून उठवलं, पायाने झाकण ढकलून खड्ड्यावर सारलं, आणि त्या झाकणावर उभी राहिली.

"पैलवान," ती म्हणाली. "इकडे ये."

"वहिनी, सांगितलं ना, कंबर..."

"ऐकलं मी. सकाळी पोतं उचलताना पण बघितलं. ये."

"आणि नाही आलो तर?"

आता काय सांगणार? फौजदाराने डाव फेकून मारला असता. मित्राने सगळ्यांना गोल उभं केलं असतं. वहिनीकडे दोन्ही नव्हतं. तिचे पाय थरथरत होते आणि झाकण जरा वाकडं बसल्यामुळे तिच्याबरोबर खडखडत होतं, म्हणजे लपवायचीही सोय नव्हती. ते ऐकून गाजराला हसू आलं.

"नाही आलास तर मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "मोऱ्या तुंबतील, पाणी वर येईल, जेवण वर जाणार नाही. वरून विचारायला आले की मी सांगेन कोण नाही म्हणालं. तुझं नाव घेऊन सांगेन."

"चुगली करणार?"

"हो."

पैलवान तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. लेकीच्या बारशाला आलेला माणूस तो, तिच्या नवऱ्याबरोबर पत्ते खेळणारा. त्या नजरेत आता माया नव्हती, आणि ती परत येणार नाही हेही वहिनीला दिसत होतं. तिला वाटलं, म्हणावं, बरं, राहू दे. शब्द अगदी ओठांवर आला. तो गोडसर होता, मित्राच्या मलमासारखा. तिने तो गिळला.

मागे सूप करपायला लागलं होतं. आधी वास आला, मग धूर. सगळ्यांनी शेगडीकडे बघितलं आणि मग वहिनीकडे. वहिनी झाकणावरून हलली नाही.

"सूप लागतंय, वहिनी," गाजर म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"लागू दे. तू जा, बंद कर. आणि बटाटे सोल, दुसरं चढवायचंय."

गाजर गेला. पैलवानाने बाह्या वर केल्या, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, आणि आला. वहिनी झाकणावरून उतरली. त्याने पहिला डाव भरला आणि त्याला ओकारी आली. जाळीपाशी हात घालताना दुसऱ्यांदा आली, आणि तिसऱ्यांदा तो खरंच ओकला, स्वतःच्याच बुटांवर. एवढा पैलवान, पण त्याचा हात त्या पाण्यात जाऊन किती दिवस झाले होते, मतांचा जमाना सुरू झाल्यापासून गेलाच नव्हता. वहिनी पिंप धरून शेजारी उभी होती. तिने डाव त्याच्या हातातून घेतला नाही. घ्यावासा वाटत होता, हात नुसते शिवशिवत होते. त्याने जाळीतून केसांचा आणि शितांचा एक काळा गोळा ओढून काढला, तो पिंपात टाकला, आणि चरबीचे शिंतोडे वहिनीच्या तोंडावर उडाले. मुद्दाम उडवले की चुकून, ते तिने विचारलं नाही.

दुपारचं जेवण उशिरा गेलं. वरून बोलणी आली ती वहिनीने ऐकून घेतली. मित्र स्वतः खाली येऊन म्हणाला, "वहिनी, जरा विश्वासात घेऊन केलं असतं तर?" त्याने हात पुढे केला तेव्हा ती खांदा चुकवून पिंपाकडे वळली.

दिवसभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. मीठ कुठे आहे विचारायला सुद्धा गाजर जावयाला विचारत होता, आणि जावयाला मिठातलं काय कळतं. मावशी भांडी घासत होती, पट्टी कोरडी होती. ती आभार मानेल असं वहिनीला वाटलं होतं, ती दोनदा मोरीपाशी उगाच घुटमळलीही. मावशी म्हणाली, "ते मोठं पातेलं भिजत घालते. जळलंय बुडाला." बस, एवढंच.

संध्याकाळी काम संपल्यावर वहिनी कपडे बदलायच्या खोलीकडे निघाली आणि दाराबाहेर थबकली. आत हशा पिकला होता. पैलवान कुणाची तरी नक्कल करत असावा, लोखंडी कपाटाच्या दारावर पाय आपटल्याचा खडखड आवाज येत होता. "ये, पैलवान, ये," असं तो चिरक्या आवाजात म्हणत होता. मग गाजर म्हणाला, "झाकणबाई!" आणि सगळे पुन्हा फुटले.

पडलं नाव. वहिनी गेली आणि झाकणबाई आली. त्या हसण्यात एक आवाज तिच्या ओळखीचा होता, जरासा घोगरा, दातांनी पिशवीची गाठ मारणाऱ्या तोंडाचा. मावशी हसत होती. मनापासून, सगळ्यांबरोबर. कितीतरी दिवसांनी तिला कुणी सगळ्यांत धरलं होतं.

वहिनीने दार ढकललं. हसू थांबलं, अगदी तसं, जसं फौजदार आत आल्यावर थांबायचं. तेव्हा ती हसणाऱ्यांच्या बाजूला असायची. हे तिला जितकं झोंबलं तितकं चुगलीचंही झोंबलं नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारी गाजर," ती म्हणाली. "त्याच्यानंतर जावई. त्याच्यानंतर मी. आणि मावशी, तुमचा हात बरा झाला, डॉक्टर हो म्हणाले, की तुमचीही पाळी लागेल. लांब मोजे येवोत न येवोत."

मावशीचा चेहरा पडला. ती वहिनीकडे बघत राहिली, मतांच्या वेळी बघायची तशीच. वहिनीला वाटलं, जवळ जावं, पाठीवरून हात फिरवावा, म्हणावं, अहो मावशी, तुमचं सोडून, तुम्हाला कसलं लावते.

पण तिने कपाट उघडलं, तोंडावरचे वाळलेले शिंतोडे ओल्या फडक्याने पुसले आणि घरी जायच्या चपला बाहेर काढल्या.